आपत्ती निसर्गाची, बळी मात्र राज्यकर्त्यांचे!

पूर आला, दुष्काळ पडला, साथ पसरली की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले, "निसर्गापुढे कुणाचे काय चालते?" आणि दुसरे, "ही राजकारण करण्याची वेळ नाही." ही वाक्ये कोण बोलतो ते एकदा नीट पाहा. ज्याचे घर वाहून गेले तो हे बोलत नाही. ज्याला जाब विचारला जाण्याची भीती असते, तोच हे बोलतो.

आपल्या चळवळीतले अनेक तरुण पूरग्रस्त आणि दुष्काळग्रस्त भागात मदत घेऊन धावतात, आणि ते धावलेच पाहिजे. पण धान्याची पाकिटे वाटून परत आल्यावर एक काम राहून जाते. हे मरण कुणाच्या निर्णयामुळे आले, हे विचारायचे राहून जाते. पाऊस किती पडेल हे कुणाच्या हातात नसते. त्यानंतर किती माणसे मरतील आणि त्यात कोण असतील, हे मात्र बऱ्याच अंशी सत्तेत बसलेले लोक ठरवतात. हा माझा नुसता आरोप नाही. इतिहासात त्याचे पुरावे आहेत.

एकच अधिकारी, दोन दुष्काळ

सर रिचर्ड टेंपल हे नाव आपल्या मुलांना शाळेत शिकवले जात नाही. शिकवायला हवे.

१८७३-७४ साली बिहारमध्ये पाऊस फसला आणि भाताचे पीक बुडाले. मदतकार्याची सूत्रे टेंपल यांच्याकडे होती. त्यांनी ब्रह्मदेशातून चार लाख टनांहून अधिक तांदूळ आणवला. कामे काढली, आणि ज्यांना काम करणे शक्य नव्हते त्यांना घरी धान्य दिले. परिणाम असा झाला की एवढ्या मोठ्या टंचाईत भुकेने मेलेली माणसे अगदी थोडी होती. १८६६ साली शेजारच्या ओरिसात लाखो माणसे मेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

यासाठी टेंपल यांना काय मिळाले? शिव्या! इंग्लंडमधल्या अर्थशास्त्र्यांनी आणि वृत्तपत्रांनी त्यांच्यावर उधळपट्टीचा आरोप केला. माणसे वाचली याचा आनंद कुणाला झाला नाही, खर्च जास्त झाला याचे दुःख मात्र झाले.

टेंपल यांनी त्यातून धडा घेतला, पण उलटा.

१८७६ साली दख्खनमध्ये मान्सून फसला. मुंबई आणि मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान दुष्काळाच्या वणव्यात सापडले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचे लक्ष तेव्हा दुसरीकडे होते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत भव्य दरबार भरवून राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करायचे होते. इकडे दख्खनच्या रस्त्यांवर माणसे मरून पडत होती आणि तिकडे राजेमहाराजे हत्तींवरून मिरवत होते. मद्रासच्या गव्हर्नराने सरकारी खर्चाने धान्य विकत घेऊन साठवायला सुरुवात केली, तर वरिष्ठ सरकारने त्याचे कान धरले. का? तर सरकारने धान्यबाजारात हात घालू नये, व्यापारी आपोआप धान्य आणतील, असा त्यांचा सिद्धांत होता. व्यापाऱ्यांनी धान्य हलवलेही, पण जिथे भाव मिळेल तिथे. देश उपाशी असताना बंदरांतून गव्हाची निर्यात चालूच होती.

अशा वेळी लिटन यांनी दुष्काळी भागात खास प्रतिनिधी म्हणून पाठवले ते याच टेंपल यांना. बिहारच्या वेळी खाल्लेल्या शिव्या त्यांना धुऊन काढायच्या होत्या. त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी खाली आणली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम. बाईला आणि मुलाला त्याहून कमी. एवढ्यावर त्याने दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. इतिहासात ही मजुरी 'टेंपल मजुरी' म्हणूनच ओळखली जाते. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. एवढ्या अन्नावर कष्टकरी माणूस तग धरू शकत नाही, असे ते डॉक्टर म्हणून सांगत होते. म्हणजे काय घडते आहे हे माहीत नव्हते, असे सरकारला म्हणता येत नाही. सरकारच्याच पगारावरचा डॉक्टर ते लिहून देत होता.

आपल्या दख्खनच्या मजुरांनी हे निमूटपणे सोसले नाही. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात हजारो मजूर कमी केलेल्या मजुरीवर काम करायला नकार देऊन दुष्काळी कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली, याची नोंद प्रामाणिकपणे घेतली पाहिजे.

या दुष्काळात केवळ ब्रिटिश अमलाखालच्या प्रदेशात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. आणि टेंपल? १८७७ मध्येच त्यांना मुंबई इलाख्याचे गव्हर्नर नेमण्यात आले!

आता दोन्ही दुष्काळ शेजारी ठेवा. अधिकारी तोच, साम्राज्य तेच, मध्ये अंतर फक्त तीन वर्षांचे. १८७६ चा दुष्काळ जास्त मोठ्या मुलुखावर पसरला होता आणि जास्त काळ टिकला, हे खरे. पण माणसे वाचवायची कशी, हे टेंपल यांना माहीत होते. त्यांनी ते करून दाखवले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी ते जाणूनबुजून केले नाही, कारण पहिल्या वेळी माणसे वाचवल्याची शिक्षा झाली होती आणि दुसऱ्या वेळी पैसा वाचवल्याचे बक्षीस मिळणार होते. नेतृत्वाचे अपयश म्हणजे प्रत्येक वेळी मूर्खपणा नसतो. पुष्कळदा तो थंड डोक्याने केलेला हिशेब असतो.

त्या वेळी आपले लोक काय करत होते?

सरकार हिशेब करत असताना पुण्यात महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज अवघा चार वर्षांचा होता. ना सत्ता, ना खजिना. तरीही १८७७ मध्ये धनकवडीच्या छावणीत दुष्काळात निराधार झालेल्या मुलांसाठी बालाश्रम उघडला गेला, आणि जोतीरावांनी त्याच्या मदतीसाठी जाहीर आवाहन काढले.

त्याच वर्षी २० एप्रिलला सावित्रीमाईंनी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे. गुरे पटापट मरताहेत, लोक गाव सोडून चालले आहेत, सावकार या संकटाचाही फायदा उठवताहेत, असे त्या कळवतात. सत्यशोधक कार्यकर्त्यांविरुद्ध सावकारांनी कागाळ्या केल्या आणि पोलिसांनी पन्नास जणांना पकडले. तेव्हा माई थेट कलेक्टरला जाऊन भिडल्या. शेवटी कलेक्टरने कार्यकर्त्यांना सोडले आणि ज्वारीच्या चार गाड्या पाठवून दिल्या.

मित्रांनो, या प्रसंगात मदत आणि जाब या दोन गोष्टी एकत्र आहेत. माई धान्य वाटत होत्या, सावकाराला उघडे पाडत होत्या आणि सरकारी अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्यही सुनावत होत्या. निव्वळ दानधर्म करणाऱ्यांना सावकार कधी पकडून देत नाही.

आणि मरत कोण होते? बलुत्यावर जगणाऱ्या माणसाच्या वर्षाचे धान्य शेतकऱ्याच्या खळ्यावर ठरते. खळेच पडले नाही तर महार-मांगाच्या पदरात काय पडणार? त्याच्याकडे ना जमीन, ना पेव, ना सावकाराकडे पत. शेतकरी बैल विकून दोन महिने काढेल, याने काय विकावे? दुष्काळ सर्वांवर सारखा पडतो हे म्हणणेच खोटे आहे. दुष्काळ ज्या समाजावर येतो त्या समाजाची उतरंड त्याच्या आधीपासून तयार असते, आणि मरणही त्याच उतरंडीने येते.

जोतीराव एवढ्यावर थांबले नाहीत. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी सरकारला सांगितले की सैन्य आणि पोलीस हाताशी आहेत, त्यांच्याकडून बंधारे, तळी, धरणे बांधून घ्या आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवा. म्हणजे पुढच्या दुष्काळाचा विचार त्यांनी आधीच केला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

देवाच्या नावाने

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळात प्रचंड भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे गेली. तेव्हा गांधीजींनी सांगितले की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी याला जाहीर विरोध केला. नैसर्गिक घटनेला असे अवैज्ञानिक कारण चिकटवणे त्यांना धोक्याचे वाटले.

वरवर पाहता गांधीजींचे म्हणणे आपल्या बाजूचे वाटेल. अस्पृश्यतेला पाप म्हटले, आणखी काय हवे? पण जरा विचार करा. त्या भूकंपात अस्पृश्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या होत्या काय? पाप सवर्णांचे आणि शिक्षा अस्पृश्यांच्या लेकरांनाही, हा कुठला न्याय? दुसरे असे की एकदा देवाने शिक्षा दिली म्हटले की घरे कशी बांधली होती, मदत कुणाला पोहोचली, कुणाला नाही, हे सगळे प्रश्न निकालात निघतात. देवाला कोण नोटीस काढणार? आपल्या सोयीचा असला तरी दैववाद आपण स्वीकारू शकत नाही, कारण तो शेवटी राज्यकर्त्याला मोकळा सोडतो. लिटनसाहेब बाजाराच्या आड लपले. देवाच्या आड लपणे त्याहून सोपे आहे.

कायदा कपाटात, माणसे फुटपाथवर

१८७६-७८ च्या संहारानंतर दुष्काळ आयोग नेमला गेला. १८८० साली त्याचा अहवाल आला आणि १८८३ पासून दुष्काळ संहिता तयार झाली. टंचाईची लक्षणे कशी ओळखायची, दुष्काळ केव्हा जाहीर करायचा, कामे केव्हा काढायची, सगळे नियम लेखी आले.

साठ वर्षांनी, १९४३ साली, बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि ही संहिता लागूच केली गेली नाही. दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच झाला नाही! जाहीर केला असता तर सर्वांना धान्य देण्याची जबाबदारी आली असती. मग जाहीरच न करणे सोयीचे.

कारणे अनेक होती. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ बंद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. पण त्यावर माणसांचे निर्णय येऊन बसले. जपानी फौजांच्या हाती लागू नयेत म्हणून किनारपट्टीवरच्या हजारो होड्या जप्त किंवा नष्ट केल्या गेल्या. पूर्व बंगालमध्ये होडी म्हणजे बाजारहाट, मासेमारी, शेताची वाट, सर्व काही. कलकत्त्यातल्या युद्धोपयोगी कारखान्यांच्या कामगारांसाठी धान्य आधी उचलले गेले. प्रांतिक सरकार टंचाई नाकारत राहिले. लंडनमध्ये चर्चिल यांच्या युद्ध मंत्रिमंडळाने धान्यासाठी पुरेशी जहाजे दिली नाहीत. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी दुष्काळाच्या काळात बंगालमध्ये पाऊलही ठेवले नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये आलेले नवे व्हाइसरॉय वेव्हेल काही दिवसांतच तिथे गेले आणि मदतीला लष्कर लावले. म्हणजे तेही शक्य होते, फक्त आधी कुणी केले नाही.

सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी पुढे मांडले की प्रश्न केवळ धान्य किती पिकले याचा नव्हता, ते विकत घेण्याची ऐपत कुणाची उरली याचा होता. मेले ते शेतमजूर, मच्छीमार, गावातले कारागीर. पूर्व बंगालमध्ये या कष्टकऱ्यांत नामशूद्र मोठ्या संख्येने होते. याच समाजाच्या जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पुढाकाराने १९४६ साली बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले.

इथे कुणी विचारेल की बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नव्हते काय? होते. १९४२ ते १९४६ ते मजूर खात्याचे मंत्री होते. अन्न खाते त्यांच्याकडे नव्हते आणि जहाजांचा निर्णय लंडनमध्ये होत होता. पण हा प्रश्न विचारणाऱ्यावर चिडू नका. सत्तेत बसलेल्या प्रत्येकाला लावायची कसोटी आपण आपल्या माणसाला लावायला घाबरलो, तर ती कसोटी राहत नाही. आणि बाबासाहेब या कसोटीला उतरतात, ते त्यांच्या खात्याच्या कामात.

बाबासाहेबांचे उत्तर

१९४३ च्या जुलैमध्ये बंगालवर आणखी एक संकट आले. दामोदर नदीने बर्दवानजवळ बांध फोडला. गावे बुडाली, कलकत्त्याला उत्तर हिंदुस्थानशी जोडणारा रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला. दामोदरला पूर नवीन नव्हता. पूर आला की बांध दुरुस्त करायचे, चार दिवस मदत वाटायची आणि पुढच्या पुराची वाट पाहायची, ही जुनी पद्धत होती.

बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली, तिच्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. पाणी आणि वीज हे विषय बाबासाहेबांच्या मजूर खात्याकडे होते. त्यांनी हा प्रश्न बांध दुरुस्तीचा म्हणून न पाहता संपूर्ण खोऱ्याचा म्हणून हाती घेतला. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा अनुभव असलेले अभियंते वूर्दुइन यांच्याकडून १९४४ मध्ये आराखडा करून घेतला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत बंगाल आणि बिहार या दोन्ही सरकारांना समोरासमोर बसवले. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार व्हावा, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकला महानदीच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी जुन्या समित्यांच्या विचारसरणीवरच बोट ठेवले. जादा पाणी म्हणजे संकट, ते लवकरात लवकर समुद्रात ढकला, हा विचारच त्यांना चूक वाटत होता. पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाने या देशातली माणसे जास्त हाल सोसतात, म्हणून पाणी साठवा, असे त्यांचे सांगणे होते.

फुल्यांनी 'असूड' मध्ये जे मागितले, ते साठ वर्षांनी त्यांच्या शिष्याने सरकारात बसून आखायला घेतले. योगायोग नाही हा. दुष्काळ आणि पूर ज्यांनी खालून पाहिला आहे, त्यांचीच ही दृष्टी असते.

१९४८ साली दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. पण इथेही भक्तिभावाने थांबू नका. मूळ आराखड्यात आठ धरणे होती, सुरुवातीच्या टप्प्यात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच बांधली गेली. जलाशयासाठी लागणारी सगळी जमीनही ताब्यात आली नाही. त्यामुळे पूर रोखण्याची क्षमता अपुरी राहिली आणि १९७८ मध्ये बंगालने पुन्हा महापूर पाहिला. दुसरीकडे या धरणांखाली ज्यांची गावे गेली त्यांत संथाळांसारखे आदिवासी मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्या पुनर्वसनाची रड आजही संपलेली नाही. आखणी नेत्याची असते, पण ती पुरी करणे आणि तिची किंमत कुणाच्या माथी मारायची हे पुढचे राज्यकर्ते ठरवतात. त्यांनाही जाब विचारावा लागतो.

आज आपल्या हातात काय आहे?

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या नागपट्टिनम भागात काय झाले? छावण्यांमध्ये, पाणवठ्यावर, मदतीच्या याद्यांमध्ये दलितांना वेगळे काढले गेले. होडी बुडालेल्याचे नुकसान मोजले गेले, त्याच किनाऱ्यावर मजुरी करणाऱ्या दलिताची बुडालेली रोजी मोजली गेली नाही. कुजलेली प्रेते उचलायला मात्र ठिकठिकाणच्या नगरपालिकांचे सफाई कामगार आणले गेले.

२००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याचे कलम ६१ पाठ करून ठेवा. नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. कलम १२ मदतीचे किमान निकष ठरवण्याची जबाबदारी राष्ट्रीय प्राधिकरणावर टाकते. निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार ही आता मेहेरबानी राहिलेली नाही.

पण दुष्काळ संहितेचे काय झाले ते आपण पाहिले. कायदा कपाटात राहू शकतो. २४ मार्च २०२० च्या रात्री याच आपत्ती कायद्याखाली अवघ्या चार तासांची मुदत देऊन सारा देश बंद केला गेला. लाखो मजूर पायी निघाले. ८ मे रोजी आपल्या औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. सप्टेंबरमध्ये संसदेत विचारले गेले की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले. सरकारने उत्तर दिले, अशी आकडेवारी उपलब्ध नाही. १९४३ मध्ये दुष्काळ जाहीर केला नाही, २०२० मध्ये मृत्यू मोजले नाहीत. मोजलेच नाही म्हणजे जबाबदारीही नाही!

म्हणून माझी तरुण कार्यकर्त्यांना विनंती आहे. पुढच्या वेळी मदत घेऊन जाल तेव्हा सोबत वही न्या. पूर्वसूचना वस्तीपर्यंत पोहोचली होती का? पंचनाम्याला तलाठी वस्तीत आला की पाटलाच्या ओसरीवरूनच परत गेला? ज्याच्या नावावर जमीन नाही, घराचा उतारा नाही, त्याचे नाव यादीत आहे का? छावणीत पाण्याची टाकी एकच आहे का? मेलेल्यांची नोंद झाली का? हे तारखेसह लिहा, सह्या घ्या, तहसीलदाराकडे द्या, पोच घ्या. कलम ६१ चा उल्लेख करा. उत्तर आले नाही तर कलेक्टरच्या दारात जा.

ओतूरला सावित्रीमाईंच्या हातात कुठलाही कायदा नव्हता. तरी त्या कलेक्टरपुढे उभ्या राहिल्या आणि ज्वारीच्या चार गाड्या घेऊन आल्या. आपल्या हातात बाबासाहेबांचे संविधान आहे.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!